क्ष नावाची बहीण

वर्गात त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. शिकवायचा त्यांचा काही संबंध नव्हता. ते कवळ्या करायचे. एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्या होत्या, तिथे ते आणि त्यांचा भागीदार दिवसभर मेण, प्लास्टर आणि गुलाबी हिरड्या यांच्यात बुडालेले असत. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवायचे. हे त्यावरून प्लास्टरचा जबडा ओतायचे, त्यावर दात बसवायचे. शनिवारी दुपारी अंगावरची भुकटी झटकून ते तत्त्वज्ञानाच्या एम.ए.च्या वर्गाला यायचे. भुकटी पूर्ण कधीच जायची नाही. भुवयांत राहायची.

अभ्यासक्रम अर्धवेळ होता, नोकरी करणाऱ्यांसाठी. एक परिचारिका होती, एक विमा विकणारे गृहस्थ होते, दोन शिक्षिका होत्या आणि मी. साहित्याची पदवी घेऊन मी एका छापखान्यात मुद्रितं तपासत होते. मास्तर पन्नाशी ओलांडलेले. पहिल्या दिवशी ते माझ्या शेजारी येऊन बसले.

"तुमच्या साहित्यात माणूस मेला की रडतात," ते म्हणाले. "इथे काय करतात?"

मी म्हटलं, माहीत नाही, मीही नवीनच आहे.

"इथे बहुतेक विचारतात, मेला म्हणजे नेमकं काय झालं."

आमची मैत्री तिथून सुरू झाली.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. धाकट्या बहिणीनेही नाही. दोघं आणि आई, असं घर होतं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा बहिणीने बालवाडीतली नोकरी सोडली. मास्तरांचा तेव्हा एम.ए.ला प्रवेश झाला होता. ते नको म्हणत होते. आईचं मी बघते, तू जा, असं बहिणीने सांगितलं. हे मास्तर प्रत्येकाला सांगायचे, कुणी विचारलेलं नसतानाही. भागीदार त्यांच्या शिकण्याची चेष्टा करायचा. हा आता गिऱ्हाइकाला विचारणार, चावणं म्हणजे काय, आणि गिऱ्हाईक उपाशी मरणार. मास्तर हसायचे. पण पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळूनच कामाला न्यायचे.

शेवटच्या वर्षी आई गेली. त्यानंतर त्यांनी निबंध लिहायला घेतला. पदवीसाठी तो द्यावाच लागायचा. विषय होता, भल्यासाठी बोललेलं खोटं.

आमच्या विभागात एक पद्धत होती. निबंध जमा करण्याआधी तो सगळ्यांसमोर वाचायचा आणि त्या दिवशी घरचं एक माणूस बरोबर आणायचं. ही कल्पना विभागप्रमुख बाईंची. घरच्याला कळलं नाही तर तुम्हालाही कळलेलं नाही, असं त्या म्हणायच्या. परिचारिकेने सासऱ्यांना आणलं होतं, ते पहिल्या पानावरच घोरायला लागले. मास्तरांनी बहिणीला आणलं. ताई पहिल्या रांगेत बसल्या. मांडीवर पर्स, तिच्यावर दोन्ही हात. पायात कोऱ्या चपला. त्या चावत असाव्यात, कारण ताईंनी टाचा हळूच बाहेर काढून ठेवल्या होत्या.

मास्तर वाचू लागले. आवाज चांगला होता. त्या दिवशी भुवयासुद्धा स्वच्छ होत्या.

"क्ष ही एक स्त्री आहे असं समजू. तिची वृद्ध आई अंथरुणाला खिळली आहे. आईचा थोरला मुलगा भांडून घर सोडून गेला आहे. तो काहीही संपर्क ठेवत नाही. आई रोज त्याची चौकशी करते. क्ष तिला सांगते, तू झोपली होतीस तेव्हा त्याचा फोन येऊन गेला, तुझ्याबद्दल विचारत होता. आई समाधानाने मरते. क्षचं चुकलं का?"

पुढची पानं चुकलं हे सिद्ध करण्यात गेली. मुद्दे एकात एक घट्ट बसले होते. क्षने आईला माणूस म्हणून वागवलं नाही, लहान मूल म्हणून वागवलं. आईला स्वतःच्या मुलावर रागावण्याचा, त्याला माफ करण्याचा किंवा त्याच्यासाठी रडण्याचा हक्क होता. क्षने तो परस्पर काढून घेतला. शेवटी एक वाक्य होतं. क्षने आईचं दुःख कमी केलं नाही, स्वतःची दगदग कमी केली. तिने सोपा मार्ग निवडला.

मी हा निबंध आधी ऐकला होता. मला ते रचलेलं उदाहरण वाटलं होतं. आमच्या वर्गात उदाहरणांत रोज कुणीतरी बुडत असायचं, कुणीतरी गाडीखाली येत असायचं. त्यांची घरं शोधायला कुणी जात नाही. पण त्या दिवशी माझं लक्ष ताईंकडे गेलं. त्यांनी पर्सची चेन अर्धी उघडली होती. ती तशीच राहिली. वाचन संपेपर्यंत हात हलला नाही.

टाळ्या झाल्या. बाई म्हणाल्या, असा नेटका निबंध या वर्गात बऱ्याच काळात आला नव्हता. मास्तर लाजले. मागे टेबलावर चहा ठेवला होता. ते लगबगीने कप भरू लागले, एक बाईंना, एक मला. ताई त्यांच्यामागे येऊन उभ्या राहिल्या.

"क्षला चहा मिळेल का?" त्या म्हणाल्या.

विमावाले गृहस्थ मोठ्याने हसले. त्यांना वाटलं, घरच्यांनाही विषय कळला. मास्तरही हसू लागले आणि अर्ध्यावर थांबले. त्यांच्या हातातला कप भरून वाहायला लागला. बशीत, मग टेबलावर. मी किटली काढून घेतली.

ताई जिन्याकडे गेल्या. मास्तर मागोमाग. त्यांनी माझ्या हातात कागद दिले होते, ते द्यायला मीही गेले. त्या क्षणी मागे वळायला हवं होतं, पण ताईंनी मला बघितलं आणि बोलायचं थांबवलं नाही. बहुधा एक परकं माणूस असलेलं त्यांना चाललं.

"तुझ्या गोष्टीत तीनच माणसं आहेत," त्या म्हणाल्या. "आई, दादा आणि ती. घरात चौथं कुणी राहत नव्हतं?"

"अगं, ते उदाहरण आहे. त्यात लागेल तेवढंच घ्यायचं असतं."

"किती लागेल ते कुणी ठरवलं?"

मास्तरांनी माझ्या हातातल्या कागदांकडे पाहिलं.

"शनिवार होता, भाऊ. तू दारात बूट घालत होतास. आईने दादाचं विचारलं. सकाळपासून तेच चाललं होतं तिचं. तू मला म्हणालास, अगं सांग काहीतरी, फोन येऊन गेला म्हण, मला वर्गाला उशीर होतोय. मी सांगितलं. ती शांत झाली. तू गेलास."

मी मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांना आठवत नव्हतं. आणि मग आठवलं. ते मला समोर दिसलं. त्यांनी कठड्याला हात लावला.

"आणि सोपा मार्ग म्हणतोस," ताई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "फोन झोपेत येतो म्हटल्यावर तिने कवळी काढून झोपणं सोडलं. तिचं म्हणणं, पुन्हा फोन आला तर उठून बोलता आलं पाहिजे. बोबडं बोलले तर त्याला वाटेल, आई म्हातारी झाली. हिरड्या सोलून निघाल्या. मी म्हणायचे, काढ गं, आता नाही यायचा फोन. ती म्हणायची, तुला काय ठाऊक. तू आपला कवळी घेऊन जायचास आणि घासून आणायचास."

"मला वाटलं, हिरड्या झिजल्यात. वयामुळे."

"माझ्या जिभेवर रोज यायचं की सांगून टाकावं. तिच्या तोंडात औषध लावताना तर रोज. नाही सांगितलं. तू लिहिलंयस ते बरोबरच आहे. चुकलंच माझं." त्यांनी चपलेत टाच सरकवली. "पण ते मला घरी सांगायचंस. तू बोलावलंस म्हणून मी नवीन चपला घेतल्या."

त्या जिना उतरून गेल्या. मास्तर तिथेच उभे राहिले. वरच्या मजल्यावरून कुणीतरी त्यांना अभिनंदनासाठी हाक मारत होतं.

पुढच्या आठवड्यात ते वर्गाला आले नाहीत. मी त्यांच्या कामाच्या जागी गेले. भागीदाराने भुवया उंचावून आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. मास्तर दिव्याखाली एक जबडा घासत बसले होते. समोरच्या फळीवर प्लास्टिकच्या डबीत एक वेगळी कवळी होती. कुणाची, ते विचारावं लागलं नाही. आतल्या कडेवर घासल्याच्या खुणा होत्या, एकीवर एक.

घरी सगळं ठीक आहे, असं त्यांनी सांगितलं. बहीण बोलते. जेवण झाकून ठेवलंय म्हणते, गॅस संपत आलाय म्हणते. फक्त भाऊ म्हणत नाही. वाक्य थेट सुरू करते.

"आमच्याकडे आधी मेणाची कवळी करतात," जबडा खाली ठेवून ते म्हणाले. "ती तोंडात घालून बघायची. कुठे टोचते ते माणूस सांगतो. मग पक्की करायची. प्लास्टरवर काय, सगळंच बसतं. मी इतकी वर्षं एकही कवळी न तपासता दिली नाही. आणि हे थेट पक्कं करून तिच्यासमोर वाचलं."

मी म्हटलं, तुम्ही मुद्दाम नाही केलंत.

"तीच लाज आहे ना. मुद्दाम केलं असतं तर लपवलं असतं, तिला बोलावलं नसतं. नावाच्या जागी क्ष लिहिलं आणि ती माझी बहीण आहे हे मला आठवेनासं झालं. आणि मी दारात होतो, ते तर मी कधीच विसरलो होतो. विसरलो म्हणून इतकं छान लिहिता आलं."

निबंध आहे तसा जमा केला असता तर पहिला वर्ग नक्की होता. बाईंनी तसं निरोपात कळवलंही होतं. मास्तरांनी तो पुन्हा लिहिला. आता त्यात य नावाचा एक पुरुष आला. य दारात बूट घालतो. य म्हणतो, सांग काहीतरी. कवळी आली, हिरड्या आल्या. मुद्दे विस्कटले. कुणाचं चुकलं, हे आता कुठल्याच पानावर नीट ठरत नव्हतं. बाईंनी वाचून विचारलं, मग तुमचा निष्कर्ष काय? मास्तर म्हणाले, तो राहिला नाही. बाई म्हणाल्या, पण कवळीचा भाग जबरदस्त आहे. भल्यासाठीच्या खोट्याने काय इजा होते, ते त्यात अगदी दिसतं. त्याच्या जोरावर निबंध उभा राहील.

या वेळी त्यांनी तो आधी घरी वाचला. ताई भांडी घासत होत्या. वाचून होईपर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. बुटांचा भाग आला तेव्हा नळ बंद केला, आणि मग पुन्हा सोडला. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या की आईचे दात यात नकोत. ते घरात राहू दे.

मास्तरांनी तो भाग काढला.

तोंडी परीक्षा आमच्याकडे सगळ्यांसमोर होते. बाहेरून आलेले परीक्षक भले गृहस्थ होते. निबंध त्यांना धूसर वाटला होता, पण मदत करायची त्यांची इच्छा दिसत होती. त्यांनी सरळ विचारलं, "क्षच्या खोट्यामुळे आईला प्रत्यक्ष काही त्रास झाला का? तसं काही दाखवता आलं तर तुमचं म्हणणं टिकतं."

बाईंनी मास्तरांकडे पाहिलं आणि हलकेच मान हलवली. सांगा, अशी. मलाही वाटलं, सांगून टाकावं. एका वाक्याचं काम होतं.

मास्तरांनी टेबलाच्या कडेवर अंगठा फिरवला, कवळीची धार बघतात तसा. "त्याबद्दल मला बोलता येणार नाही," ते म्हणाले.

"माहीत नाही, असं म्हणायचंय का?"

"नाही. माहीत आहे. बोलता येणार नाही."

परीक्षकांनी थोडी वाट पाहिली. मग चष्मा काढला आणि काहीतरी लिहिलं.

मास्तर पास झाले. जेमतेम. निकालानंतर मी पुन्हा त्यांच्याकडे गेले. भागीदाराने पेढ्यांऐवजी मला बिस्किटं दिली. तत्त्वज्ञान काठावर पास झालं तर एवढंच मिळतं, म्हणाला. मास्तर आतल्या खोलीत होते. मी ताईंचं विचारलं.

"तिने विचारलं, परीक्षेत दातांचा विषय निघाला का," मास्तर म्हणाले. "मी म्हटलं, निघाला. मग काय केलंस? म्हटलं, गप्प बसलो."

"मग?"

"म्हणाली, बरं केलंस, भाऊ."

मी हसले. ते हसले नाहीत. त्यांनी दिवा जवळ ओढला आणि जबडा पुन्हा हातात घेतला.

"जेवायला वाढत होती," ते म्हणाले. "ते भाऊ ऐकल्यावर मला तिच्याकडे बघवेना."