सखारामच्या पुस्तकातल्या तीन खुणा

टण्.

पासष्ट-सत्तर वर्षांपूर्वीचा हा आवाज अजून कानात आहे. आमच्या शाळेला टिनाचं छप्पर होतं. तिसरीत आम्ही तालासुरात कविता म्हणत असू, ऊन चढे आणि तापलेला पत्रा फुगून टण् करी. वर्षातली पहिली टण् वाजली की गुरुजी हात वर करून कविता थांबवत. प्रत्येकाच्या पुस्तकात त्या जागी खूण करून शेजारी स्वतः साल घालत. दुसऱ्या दिवसापासून सकाळची शाळा! शेवटची कविता गुरुजी पाडवा उलटल्यावरच घेत, आणि माझ्या आठवणीत ती खूण तिथंच पडे.

गेल्या आठवड्यात त्याच शाळेतल्या बाईंचा फोन आला. "काका, आत्ता तर होळी झाली अन् पोरांचे घोळणे फुटून राह्यले. नाकाले ओला रुमाल लावून शिकतात लेकरं. सकाळची शाळा करू म्हणते, तर सखारामबुवा अडून बसले. पाडव्याआधी कशाले, ऊन काई नवं नाई म्हणतात. तुमच्या वर्गातले ना ते? गावच्या सभेत ठरणार हाय, त्याआधी एकदा या." सखारामचा शब्द गावात चालतो. मी लगेच पिशवी भरली.

तुम्हालाही या बाजूला यायचं असेल तर वाशीमहून सकाळची पहिली बस धरा. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीत तिकीट नाही, फक्त आधारकार्ड जवळ असू द्या. आमच्या जिल्ह्यातल्या मालेगावकडे जाताना डावीकडची खिडकी घ्या, ऊन लागत नाही. रस्ताभर पळस असा पेटला होता की मी एकामागून एक शाळेतल्या कविता पुटपुटत होतो. शेजारच्या बाईंनी आपली पिशवी उचलून मागची जागा घेतली. मालेगावच्या स्टँडबाहेर तर्रीत बुडवलेला आलूबोंडा खाल्ला. तिथून केनवडची बस, पुढे आमच्या गावापर्यंत ऑटो. दहा माणसं कोंबल्याशिवाय तो हलत नाही, तेव्हा घाई असेल तर येऊ नका.

शाळेच्या दोन जुन्या खोल्यांवर अजून टिनच आहे. प्रार्थना नुकतीच संपली होती, मुलं बसत होती, आणि वर टण्! जुना सवंगडी हाक मारतोय असं वाटून मी उभाच राहिलो. मग लक्षात आलं, अजून फाल्गुन चालू आहे आणि साडेदहासुद्धा वाजलेले नाहीत.

मुलांना मी गोधडीची गोष्ट सांगितली. पृथ्वीभोवती हवेची गोधडी आहे. ती नसती तर आपण गारठलो असतो. उन्हानं जमीन तापते, ती ऊब परत आकाशात निघते, आणि गोधडी त्यातली थोडी धरून ठेवते. आपण कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळतो, जंगलं तोडतो. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेत साठतो आणि गोधडी जाड होत जाते.

"मंग वरची काढून टाका ना," मागची एक मुलगी म्हणाली.

"ती निघायला शेकडो वर्षं लागतात, बाळ. आधी नवी शिवणं थांबवू."

दुपारी सखारामकडे जेवलो. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, ठेचा आणि मठ्ठा. निंबाखालच्या बाजेवर पडल्या पडल्या तो म्हणाला, "पौषात मी दोन गोधड्या घेऊन झोपलो. तवा कुठं गेलती तुयी गरमी?"

"सखाराम, एक दिवस तू हसलास तर ती त्या दिवसाची हवा. जन्मभर चिडकाच राहिलास, ते हवामान."

सूनबाई आत खुदकन हसली. सखाराम हसला नाही. "तुले लहानपणचं सारंच गोड लागते. तवाबी टिन फाल्गुनातच वाजत असन. पुरावा हाय?"

नव्हता. माझं पुस्तक कधीच वाळवीनं खाल्लं. "तुझं आहे का?" मी विचारलं.

त्यानं कूस बदलली. "मी नाई ठेवत जुनं."

सूनबाई आणखी मठ्ठा देता देता म्हणाली, "मामाजी तर लेकरायले सांगतात, दरसाल पयला नंबर होता म्हून." मी मान खाली घालून मठ्ठा प्यालो. सखाराम तिसरीत तीन वर्षं बसला होता.

संध्याकाळी हात हलवत वाशीमला परतलो. काय उरलं? पळस उरला, टण् उरली आणि एक चुटपुट. माझ्यासारख्या स्वप्नाळू माणसाची आठवण पुरावा नव्हे, हे सखारामचं खरंच आहे. वेधशाळांच्या कित्येक वर्षांच्या नोंदी जग तापतंय असंच सांगतात, पण गावच्या सभेत त्या कोण वाचणार? आज उठलो तर सभा उद्यावर आली होती आणि बाईंना काय कळवावं ते सुचत नव्हतं.

हे सगळं आज सकाळी लिहीत बसलो असताना कडी वाजली. दारात सखाराम. लग्नाकार्यालाही वाशीमला न येणारा सखाराम, घामानं निथळत. त्यानं गमछ्याची गाठ सोडली. आत आमच्या तिसरीचं कवितेचं पुस्तक होतं.

शेवटच्या कवितेपाशी तीन खुणा. शेजारी गुरुजींच्या हातची तीन सालं.

"एकच असती तर हवा म्हनली असती," तो म्हणाला. "उद्या सभेत मीच दाखवतो."

"अरे, नातवंडांना कळेल."

"कळू दे. पयले पानी दे."