खडकावरचं टिंब

थळच्या किनाऱ्यावरून माझ्या मामाची होडी निघते तेव्हा ती आधी दक्षिणेला जाते. जायचं असतं भलतीकडेच. बाकीच्या होड्या नजरेआड होईपर्यंत मामा दक्षिणेला जाण्याचं सोंग करतो, मग सावकाश वळतो, पुन्हा एकदा वळतो आणि शेवटी आपल्या खडकावर येऊन नांगर टाकतो. हे त्याच्या वडिलांनी शिकवलं, त्यांना त्यांच्या वडिलांनी.

खडक पाण्याखाली आहे. तिथे गळाला तांबोशी लागते, कधी मोठा हेकरू. जागा सापडायला किनाऱ्यावरच्या दोन खुणा जुळवाव्या लागतात. त्यातली एक खत कारखान्याची चिमणी. दुसरी लिहिणार नाही. मी वर्तमानपत्रातला माणूस असूनही मामाने मला होडीत घेतलं, ते या अटीवर.

गेल्या वर्षी याच खडकावर त्याचं इंजिन बंद पडलं. दुपारी येणारा माणूस दिवस मावळताना आला, तोही दुसऱ्या होडीच्या मागे दोराने ओढला जात. ती होडी मामीच्या भावाची. "इकडनं जात होतो, दिसले," एवढंच तो म्हणाला. मामाने नशिबाचे आभार मानले. मामी त्या दिवशी चार तास वाळूत उभी होती. तिसऱ्या दिवशी ती पनवेलला मुलीला फोन करून म्हणाली, "यांना काहीतरी बांध."

मुलीने फोन बांधला. दिवाळीत ती नवा स्मार्टफोन घेऊन आली. पाण्यात पडला तरी चालणारा, आणि त्यात एक अॅप: घरातलं कोण कुठे आहे ते नकाशावर टिंबाने दाखवणारं. माणूस फिरला की टिंबामागे निळी रेघ उमटते, रात्री ती पुसली जाते. तो एका जागी फार वेळ थांबला तर फोनमधून एक बाई शुद्ध मराठीत सांगते, "बाबा गेली चाळीस मिनिटं एकाच ठिकाणी आहेत."

मामाने एकच प्रश्न विचारला. "ह्यो नकाशा कोन कोन बघनार?"

"घरचीच माणसं, बाबा."

मामाने घरची माणसं बोटांवर मोजली. मामी, मुलगी, जावई आणि मी, भाचा. चार. त्याने होकार दिला.

इथे चूक झाली, आणि ती कोणा एकाची म्हणता येणार नाही. मामाच्या हिशेबात घर म्हणजे थळचं घर. मुलीचं लग्न होऊन सहा वर्षं झाली होती. तिच्या हिशेबात घरात सासरेही येतात. तिचे सासरे वरसोलीला राहतात. त्यांचीही होडी आहे.

त्यानंतरच्या आठवड्यात सुट्टी होती म्हणून मी मामाबरोबर गेलो. दक्षिणेला जाणं झालं, दोन्ही वळणं झाली. फोन त्याच्या सदऱ्याच्या खिशात, प्लास्टिकच्या पिशवीत होता आणि वळणांची रेघ इमानाने काढत होता. चिमणी जागेवर आली. मामाने पुढे पाहिलं आणि इंजिन बंद केलं.

खडकावर एक होडी उभी होती. तीत व्याही बसले होते, गळ सोडून.

दुसरा कोणी असता तर मामाने त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. त्यासाठी लागणारे शब्द त्याच्याकडे भरपूर आहेत, मी ऐकले आहेत. पण समोर मुलीचा सासरा होता. मुलीच्या बापाने मुलाच्या बापाशी कसं बोलायचं हे आमच्याकडे ठरलेलं आहे, आणि ते पाण्यावरही बदलत नाही.

"या, इवाय," मामा म्हणाला. आपल्याच खडकावर त्याने व्याह्यांचं स्वागत केलं. "आज इकडं कुठं?"

"सहज," व्याही म्हणाले. "फोनमधली बाय रोज सांगते, तुमी चाळीस मिनटं एकाच जाग्यावर. म्हटलं तब्येत तर बरी हाय ना? बघून येवं."

"बरी हाय. तुमची?"

"देवाची किरपा." तेवढ्यात त्यांच्या दोराला ओढ बसली. वर आली ती हातभर लांबीची तांबोशी. व्याह्यांनी ती नीट न्याहाळली आणि संकोचाने विचारलं, "ही तुमी घेता काय?"

"छे, छे! तुमच्या गळाला लागली. तुमीच न्या. इहिनबायला आमचा नमस्कार सांगा."

मग चहा झाला. व्याह्यांनी थर्मास आणला होता. दोन होड्या एकमेकींना टेकवून आम्ही तिघांनी चहा घेतला, नातवाला दात आले त्याबद्दल बोललो. मामा अर्धा तास हसतमुख होता. मग आम्ही किनाऱ्याला परतलो. उतरताना म्हणाला, "उद्या तो त्याच्या भावाला घेऊन येल. परवा भावाच्या मेव्हन्याला. शिमग्याच्या आत संपला माझ्या बापाचा खडक."

संध्याकाळी पर्याय तपासले गेले. व्याह्यांना अॅपमधून काढणं शक्य होतं, पण काढलं की तसा निरोप त्यांच्याच फोनवर जातो. मुलीने पनवेलहून तेवढं ऐकवलं आणि विचारलं, "मग मी सासरी तोंड कुठे दाखवू?" अॅप बंद करावं तर मामीची अट होती, टिंब नाही तर होडी नाही.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मामीने मला हाक मारली. ती ओटीवर माझा फोन मागत होती, कारण तिचं टिंब बिघडलं होतं. "बघ रे. सकाळी होडी घेऊन गेले, आनि ही बाय सांगते बाबा घरी हायेत."

मी पाहिलं. टिंब घरीच होतं. मी मामाचा नंबर लावला. स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्यात, फोन वाजला.

मामा दुपारी आला. पाटीत तीन तांबोश्या होत्या. मामी वाळूत उभी होती आणि तिच्या हातात तो फोन होता, तांदळाच्या पिठाने पांढरा झालेला.

"पानी गेलं होतं त्यात," मामा म्हणाला. "तांदळात ठेवला की सुकतो म्हनतात."

"पान्यात पडला तरी चालतो तो. पोरीनं बादलीत बुडवून दाखवला होता, तुमच्यासमोर."

मामाने पाटी खाली ठेवली. "मग काय करू गो? तुला माझी काळजी, मना खडकाची. त्यो फोन घेऊन गेलो तर आख्खी वरसोली मागं येल. आनि तुला सांगू कसं, मी कुठं असतो ते? बापानं शपथ घातली हाय, कोनाला न्हाय सांगायचं."

मामीने चिमणीकडे हात केला, आणि दुसरा हात दुसऱ्या खुणेकडे. दोन्ही बरोबर.

"लग्नानंतर पयल्याच वर्षी सासूबायनी सांगितलं," ती म्हणाली. "त्यांना त्यांच्या सासूनं. बाप्ये वेळेवर न्हाय आले तर होडी धाडायची कुठं, ते नको माहीत? गेल्या वर्षी माझा भाऊ काय वाट चुकून आला होता तिथं?"

मामा खालीच बसला. पाटीशेजारी.

"त्याला शपथ घातली, मग सांगितलं," मामी म्हणाली. "म्हनून तर फोन घ्यायला लावला. पुन्हा कोनाला सांगायची पाळी नको. दर खेपेला एकाएकाला सांगत बसले तर तुमचा खडक राहील काय?"

मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की ती जागा एवढी वर्षं गुप्त राहिली, त्यात दक्षिणेला जाण्याच्या सोंगाचा वाटा किती ते आता पुन्हा तपासायला हवं. मला कोणी विचारलं नाही.

तडजोड तिथेच झाली. मामाबरोबर आता जुना बटणांचा फोन जातो. खडकावर पोचला की तो एक फोन करतो, निघाला की दुसरा. बोलणं एकेका शब्दाचं असतं. स्मार्टफोन फ्रिजवर असतो, चार्जिंगला लावलेला, आणि टिंब दिवसभर स्वयंपाकघरात असतं. अॅपमधली बाई वरसोलीला रोज कळवते की बाबा घरीच आहेत.

व्याही दोनदा खडक शोधायला गेले होते, असं कानावर आलं. टिंबावर भरवसा ठेवल्यामुळे त्यांनी त्या दिवशी खुणा बघून ठेवल्या नव्हत्या. चिमणी त्यांना आठवली, दुसरी खूण नाही. गेल्या महिन्यात ते सपत्नीक थळला आले, सोबत गुडघ्यांना लावायचं तेल घेऊन.

"बरेच दिवस होडीवर जात न्हाय तुमी," ते म्हणाले. "रोज बघतो मी. घरीच."

"व्हय, इवाय," मामा म्हणाला आणि सावकाश, कण्हत, तेल घ्यायला उठला. "वय झालं आता."

आतून मामीने हाक दिली, जेवायला बसा. वाढलेली तांबोशी सकाळचीच होती. व्याह्यांनी दोनदा मागून घेतली आणि बाजारात अशी ताजी मिळत नाही म्हणाले.