तीन नंबरच्या बाळावरची काट

संशोधनासाठी नोंदी घ्यायला आलेल्या डॉक्टरबाईंनी आज नवजात बाळांच्या वॉर्डात माझ्यासमोर यादीतल्या तीन नंबरच्या बाळावर काट मारली. "सिस्टर, याच्या रक्तात जंतू वाढले नाहीत. आमच्या सेप्सिसच्या, रक्तातल्या जंतुसंसर्गाच्या व्याख्येत हे बसत नाही."

बसत नाही म्हणे! पाच दिवसांचा जीव. परवा सकाळी अंग गार, पोट फुगलेलं. सगळ्यात आधी कळलं ते त्याच्या आईला. "सिस्टर, ह्यो आज दूधच वढंना," ती म्हणाली. या वाक्यासाठी बाईंच्या कागदावर चौकोन नाही. दोऱ्याएवढ्या शिरेतून जेमतेम थेंबभर रक्त निघालं, त्यात जंतू सापडला नाही, तर खोटं कोण, थेंब की बाळ? मागच्या अभ्यासवाल्यांनी नुसती लक्षणं धरली होती. त्यांच्याकडे हेच बाळ आजारी ठरलं असतं. कागद बदलला की आजार पळतो! आग लागो असल्या व्याख्येला.

बाईंना काट मारताना आईनं दारातून पाहिलं होतं. मी जवळून जाऊ लागले तशी ती हसली, दोन दिवसांत पहिल्यांदाच.

"काट मारली म्हंजे बरा झाला न्हवं?"

माझ्या हातात त्याच आजारावरचं पुढचं इंजेक्शन होतं.