दुधाचे दात

सुनीती मालवणजवळच्या शाळेत शिकवायची. लग्नानंतर वर्षभरात तिचा चेहरा पिकलेल्या पुटकुळ्यांनी भरला. वर्गाकडे तोंड करून उभं राहणंही नको व्हायचं. तिचा मावसभाऊ हरिश्चंद्र डॉक्टर होता. त्याने टेट्रासायक्लीनच्या कॅप्सुली दिल्या.

"उपाशी पोटी घे गो. आणि दूध बंद कर. दुधाबरोबर औषध लागू पडणा नाय."

चेहरा निवळू लागला. मग तिला दिवस गेले. चौथ्या महिन्यात ती मुद्दाम त्याला विचारायला गेली.

"काय होणा नाय, चालू ठेव," तो म्हणाला. हरीदादाने एकदा सांगितलं, म्हणजे तिच्या लेखी प्रश्न मिटायचा. सातव्या महिन्यापर्यंत ती घेत राहिली.

१९८१ साली नीरजा झाली. तिचे दात फुटले ते पिवळट करडे. एकदा हरिश्चंद्र घरी आला असता तिच्या सासूबाई अक्का त्याच्यासमोरच म्हणाल्या, "पोटुशी असताना हिना दूध घेवक नाय, म्हणान चेडवाचे दात असे."

सुनीतीने त्याच्याकडे पाहिलं. आता तो सांगेल, दूध मीच बंद केलं होतं म्हणून. त्याने बशीतल्या चहावर फुंकर घातली.

"खरां आसा. क्याल्शियम कमी पडलां," तो म्हणाला आणि टॉनिक लिहून दिलं.

डॉक्टरच म्हणतो म्हटल्यावर तिलाही ते पटलं. चेहऱ्यापायी पोरीचं नुकसान केलं, ही टोचणी तिने चार वर्षं बाळगली.

१९८६मध्ये शाळेत दाततपासणीचं शिबिर झालं. नीरजाचं तोंड बघून दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सुनीतीला विचारलं, "गरोदरपणी टेट्रासायक्लीन घेतलं होतं? त्याचे डाग आहेत हे. दूध कमी घेतल्याचे नव्हेत. पक्के दात बहुतेक नीट येतील."

शाळा सुटताच सुनीतीने दवाखाना गाठला.

"माका चवथो म्हयनो होतो, तुका म्हायत होतां. दात बघितलंस तेव्हा तरी तुका समाजलां मा?"

"हे बघा, त्या वेळी तसं काही निश्चित नव्हतं," तो म्हणाला. तो तिला कधी 'बघा' म्हणाला नव्हता.

"मग अक्कांसमोर माझ्यार कित्या घातलंस?"

त्याने दाराबाहेरच्या पेशंटांकडे नजर टाकली. "मला दवाखाना चालवायचा आहे, सुनीती."

घरी तिने अक्कांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "हरी आपलो माणूस. तो कित्या खोटां सांगात?"

पुढच्या वर्षी नीरजाचे नवे दात पांढरे आले. हा हरीच्या टॉनिकचाच गुण, म्हणून अक्कांनी त्याच्यासाठी आंब्यांची करंडी भरली. "तूच नेऊन दी," त्या म्हणाल्या. सुनीतीने करंडीला हात लावला नाही.

त्यानंतर नीरजाला साधा ताप आला तरी ती कुडाळची एस.टी. धरायची. हरी असताना एवढ्या लांब कशाला, असं अक्का दर वेळी विचारायच्या.