जरा टेकलो होतो, साहेब!

फुटपाथवर बसणाऱ्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. तो आपल्या जागी असतो आणि किस्सेच चालत येतात. काही येतात, बॅगेची चेन बदलून घेतात आणि निघून जातात. काही मात्र मुक्कामालाच राहतात! अकोल्याच्या मोठ्या दवाखान्याच्या भिंतीशी बसून मी आयुष्यभर छत्र्या दुरुस्त केल्या, बॅगांना चेन लावल्या. मला बोलणं फारसं जमत नाही. ऐकणं जमतं. म्हणून माझ्याजवळ पुष्कळ साठलंय. पण मध्यंतरी ते बसायच्या बंदीचं प्रकरण झालं, तेव्हा जेवढं साठलं तेवढं आधीच्या सगळ्या वर्षांत मिळून साठलं नसेल. तेव्हा जीव टांगणीला होता. आता जिवात जीव आलाय, म्हणून हसत सांगतो.

आमची ओळ लहानशी. एका बाजूला गफूरभाई, किल्ल्या बनवणारे. मध्ये मी. आणि माझ्या पलीकडे, गेटच्या जवळ, शांताबाई. पेशंटला लागणाऱ्या वस्तू त्यांच्या पोत्यावर मांडलेल्या असतात. साबण, कंगवा, चमचा, ताटली, प्लास्टिकचा मग. खेड्यावरून घाईघाईत पेशंटला घेऊन आलेल्या माणसाजवळ यातलं काहीच नसतं. तो वॉर्डातून पळत खाली येतो आणि पहिल्यांदा शांताबाईंना भेटतो.

*

सुरुवात झाली ती पेंटरपासून.

एका सकाळी तो रंगाचे डबे घेऊन आला आणि आमच्या डोक्यावरच्या भिंतीवर अक्षरं काढू लागला. 'या पदपथावर बसण्यास व झोपण्यास सक्त मनाई आहे.' अक्षर सुरेख! पण त्याने वरून सुरुवात केली होती आणि अक्षरं मोठी काढली होती. लिहीत लिहीत तो खाली आला. शेवटच्या ओळीला वाकून कंबर दुखायला लागली, तसा त्याने सरळ फुटपाथवर फतकल मारली.

दवाखान्यात चाललेला एक माणूस पाटी वाचून म्हणाला, "अरे पेंटरभाऊ, वर काय लिवलं तुमी? आन् खाली काय करून राहिले?"

पेंटरने ब्रश थांबवला. वर पाहिलं, खाली पाहिलं.

"अजून 'हुकुमावरून' लिवलं नाई ना भाऊ," तो म्हणाला. "तवर चालते!"

*

पेंटर गेल्यावर शांताबाईंनी विचारलं, "काय लिवलं हो भाऊ?"

मी चौथीपर्यंत शिकलो. आमच्या ओळीत शिकलेला मीच. मी वाचून दाखवलं. सगळं कळलं, एक शब्द सोडून. पदपथ!

"पदपथ म्हंजे?" शांताबाईंनी विचारलं.

मला सांगता येईना. हा शब्द मी कधी कोणाच्या तोंडून ऐकलाच नव्हता. गफूरभाईंनी बराच विचार केला आणि म्हणाले, "मोठ्या पुलाकडं कायतरी नवीन बांधून राहिले ना? थेच असंन पदपथ. आपला तं फुटपाथ हाये."

सगळ्यांना पटलं. शांताबाईंना तर फार बरं वाटलं. जे बिचारे लोक त्या पदपथावर बसत असतील, त्यांच्यासाठी त्या हळहळल्यासुद्धा. "कुठी जातीन रे बाप्पा थे लोकं आता?"

आणि आम्ही त्या पाटीखाली निर्धास्त बसून राहिलो!

*

मग महानगरपालिकेच्या अतिक्रमण हटाव पथकाची गाडी आली. तिच्यावर कर्णा लावलेला होता. गाडीतून दिनू उतरला. पोरगा इकडचाच, वऱ्हाडी, मनाने चांगला. पण नोकरी नवी आणि युनिफॉर्म त्याहून नवा.

तो सरळ गफूरभाईंसमोर उभा राहिला. "चाचा, तुमी रोज बसता का?"

गफूरभाईंनी दोन्ही कानांना हात लावले. "तौबा, तौबा! पाच वक्ताचा नमाजी मानूस हाये मी. जिंदगीत कधी बसलो नाई. वासबी सहन होत नाई मले!"

दिनू गडबडला. "तसं बसनं नाई हो चाचा! हे, हे बसनं!"

"हे होय!" गफूरभाई म्हणाले. "मंग सरळ सांग ना. अशा गोष्टी चारचौघांत विचारत नसतात."

*

मस्करी राहू द्या. गाडी रोज यायला लागली तेव्हा आमच्या तोंडचं पाणी पळालं.

दिनूने सांगितलं, उभं राहून धंदा करा, उभं राहण्याला बंदी नाही. आम्ही उभे राहिलो. गफूरभाईंनी किल्ल्यांची पेटी दोरीने गळ्यात अडकवली. एक गिऱ्हाईक त्यांना म्हणालं, "चाचा, दोन समोसे द्या." मी उभ्याने छत्रीची काडी वाकवायला गेलो आणि स्वतःच वाकलो! घरी गेल्यावर सुनेने कंबरेला तेल लावलं. ते निभावलं.

शांताबाईंचं मात्र निभावणार नव्हतं. त्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. सकाळी एकदा बसल्या की संध्याकाळी गफूरभाई आणि मी दोन बाजूंनी धरून त्यांना उठवायचो. नवरा नाही, मूलबाळ नाही. या पोत्यावर जे विकलं जाईल त्यावर त्यांची चूल पेटते. महानगरपालिकेने दुसरी जागा दाखवली होती, पार बाजाराच्या मागे. पण सलाईन लावलेल्या पेशंटला सोडून चमचा घ्यायला तिथे कोण जाणार? आणि इथे बसता येत नसेल, तर शांताबाईंचं इथे असणंच संपलं. हे आम्हाला कळत होतं, त्यांनाही कळत होतं. 

एका दुपारी त्या भिंतीला धरून उभ्या होत्या. एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत होत्या. मी माझी पाण्याची बादली पालथी घालून पुढे सरकवली. त्या तिच्यावर बसल्या आणि नेमका दिनू आला.

"आजी! बसल्या ना तुमी?"

"बसली नाई रे बापू. टेकली."

दिनू वऱ्हाडातलाच. बसणं आणि टेकणं यांतला फरक त्याला काय सांगायचा! तो विचारात पडला. त्याला मिळालेल्या ऑर्डरमध्ये टेकण्याचं काही नव्हतं.

"बरं, टेकल्या. पन टेकनं किती वेळ चालते?"

"थकवा जाईन तवर."

"आन् थकवा कधी जाईन?"

"आता कसं सांगू बापू," शांताबाई म्हणाल्या. "लगन झालं तवापासूनचा हाये!"

*

पातूरकडचा एक माणूस होता. बाप वॉर्डात भरती. रात्रभर बापाजवळ जागायचा आणि दुपारी शांताबाईंच्या शेजारी भिंतीशी अंग टाकायचा. दिनूने त्याला हलवून उठवलं.

"उठा! झोपायची मनाई हाये इथी!"

तो ताडकन उठला, मोबाईलमध्ये वेळ पाहिली आणि दिनूला दोन्ही हात जोडले. "लय उपकार झाले साहेब! रोज दोन वाजता डाक्टर बलावते. तुमी उठवलं नसतं तं हुकलंच असतं!"

पथकातल्या माणसाला आभार ऐकायची सवय नसते. 

दुसऱ्या दिवशी तो माणूस येऊन शांताबाईंना विचारतो, "थे उठवनारे साहेब आज येतीन ना? मंग मी पडतो बिनघोर."

दिनू आला. त्याच्याबरोबर पथकातला दुसरा माणूस होता. तो उठवायला पुढे झाला, तसा दिनूने त्याचा हात धरला. घड्याळ पाहिलं.

"थांब," म्हणाला. "दोनले अजून टाइम हाये."

*

मग एक दिवस दिनू निरोप घेऊन आला. चेहरा पडलेला.

"उद्या मोठ्या साहेबांनी ऑफिसात बैठक ठेवली. फुटपाथवर न बसन्याबद्दल."

गफूरभाई म्हणाले, "न बसन्याची बैठक? उभ्यानं घेतीन काय?"

पण त्या रात्री आमच्यापैकी कोणाला जेवण गेलं नाही. निकाल लागणार होता. सकाळी शांताबाई धुतलेलं लुगडं नेसून आल्या होत्या. ऑफिस वरच्या मजल्यावर. एकेक पायरी चढताना त्या थांबत होत्या आणि प्रत्येक पायरीवर म्हणत होत्या, "तुमी व्हा पुढं." कोणी पुढे झालं नाही.

साहेब वयाने तरुण. नवीनच बदलून आले होते. आम्हाला पाहून म्हणाले, "या, या. बसा."

खुर्च्या होत्या. पण कोणाची हिंमत होईना. इतके दिवस ऐकून ऐकून 'बसू नका' हेच कानात बसलेलं!

"अहो, बसा ना! आजी, बसा तुम्ही. पाय दुखत असतील."

शांताबाईंनी टेबलाचा कोपरा धरला होता. म्हणाल्या, "साहेब, तुमच्या तोंडून लय गोड वाटला हा शब्द. थोच तथी येऊन म्हना ना."

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "येतो उद्या."

आम्ही जिना उतरलो. गफूरभाई म्हणाले, "येत नसते कोनी."

*

पण आले!

भेटायच्या वेळेला आले, गेटवर सगळ्यात जास्त गर्दी असते तेव्हा. एकटे, पायी, साधा पांढरा शर्ट. शांताबाई त्या दिवशी पोतं अंथरून सरळ बसल्या होत्या. म्हणाल्या होत्या, उठवायचंच असंन तं मोठ्या साहेबांनी स्वतःच्या हातानं उठवावं. साहेबांना पाहिलं आणि त्यांनी भिंतीला हात लावून उठायची धडपड केली.

"नका उठू आजी. बसा."

साहेब फुटपाथच्या मधोमध उभे राहून इकडेतिकडे पाहत होते. डबे घेऊन येणारे लोक त्यांना वळसा घालून जात होते. एका बाईचा धक्का लागला. एक माणूस म्हणाला, "ओ भाऊ, सरका बाजूले!"

शांताबाई संकोचून म्हणाल्या, "साहेब, राग नका येऊ देऊ. तुमी वाटेत उभे राहिले. लोकाइले अडचन होऊन राहिली. इकडं भिंतीकडं या."

आणि त्यांनी साबण-कंगवे गोळा केले, पोत्यावर अर्धी जागा केली, पदराने झटकली.

साहेबांनी एकदा वरच्या पाटीकडे पाहिलं. मग पँट गुडघ्याशी जरा वर ओढून, हळूच मांडी घालून बसले. आता वाट मोकळी झाली. डबे घेतलेले लोक समोरून सरळ जाऊ लागले. साहेब ते बघत राहिले. मी हातातली छत्री तशीच धरून होतो.

एवढ्यात पथकाची गाडी कोपऱ्यावरून वळली. कर्णा सुरू झाला.

"ओ पांढरा शर्ट! ओ, आजीजवळचे! तिथं बसायचं नाही! उठा! चला, उठा लवकर!"

साहेब दचकून उठायला लागले. शांताबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बसा हो साहेब," त्या म्हणाल्या. "थे तुमाले नाई, आमाले म्हनून राहिले."