थंड कॉइलभोवती बसलेली पिल्लं

आधीच सांगून टाकतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. सेलूत माझं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. कुणी भुताखेताचं काढलं की मी म्हणायचो, "ह्या वायरीला हात लाव, मग सांग न दिसणारं काय असतंय ते!" लोक हसायचे. लय शहाणा होतो मी तेव्हा...

गोष्ट माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाची वर्षं. पाथरीहून सोनपेठकडं जाताना तिच्या शेतात दोन खोल्यांचा आखाडा, म्हणजे शेतातलं घर होतं. दाजी वारल्यावर ती तिथं एकटीच राहायची. परभणीचा दीर म्हणायचा, आमच्या घरी ये, घरकाम कर, दोन घास खा. अक्काला ते मरणाहूनही नकोसं होतं. शेवटी ठरलं — कोंबडीची तीनशे पिल्लं आणायची. जगली तर आखाड्यावर राहायचं, मेली तर गुमान दिराकडं जायचं.

पिल्लांना ऊब द्यायला अक्काला कोळशाची शेगडीच बरी वाटत होती. मी म्हटलं, "धुरानं मारतीस काय? पत्र्याच्या छत्रीखाली विजेची कॉइल बसवतो." माझ्यापुढं कुणाचं चालतंय! बसवली. चौथ्या दिवशी सकाळी सहाला लाईट गेली आणि आली ती अशी जोरात, की कॉइलच जळाली. त्यात नामांतरावरून बंद... एसटी उभ्या, दुकानं बंद. मी ओसरीवर दुसऱ्या एका जुन्या कॉइलची तुटकी तार जोडत बसलो. जोडली की तुटायची. अकरा वाजले. पौषातली थंडी, वर आभाळ आलेलं.

पिल्लं गारठली की एकमेकांच्या अंगावर चढतात, खालची गुदमरतात. ऊब जास्त झाली की भिंतीकडं पळतात. बेताची असली की निवांत पसरून बसतात. पाच तास झाले होते, म्हणजे आत ढीगच असणार, असं समजून मी पोत्याचा पडदा उचलला.

पिल्लं पसरून बसली होती! काही दाणे टिपत होती, काही पंख ताणून लोळत होती. आणि छत्रीखाली मधोमध सुपाएवढी जागा मोकळी... तिच्याभोवती सगळी गोल धरून, पेटत्या शेगडीभोवती बसावीत तशी.

मी त्या जागेत हात घातला. गार. पत्रा गार, कॉइल गार. आत टांगलेलं थर्मामीटर सोळावर, पाहिजे तेहतीस-चौतीस.

अक्काला हाक मारली. तिनं वाकून बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

"ऱ्हाऊ दे भाऊ," ती हळूच म्हणाली. "हात नको लावू आता."

"अगं, सोळा हाय! मरतील सगळी!"

"मरायलेत का? खायलेत की रे. तुझं थर्मामीटर त्यांला कुठं वाचता येतंय?"

मला रागच आला. अडाण्याच्या नादी कुणी लागावं, म्हणत मी बाहेर शेगडी फुलवली, धूर पार जाऊ दिला आणि लाल निखाऱ्यांची ती शेगडी बरोबर त्या मोकळ्या जागेत ठेवली.

एकदम ओरडली हो, तीनशेच्या तीनशे! भिंतीकडं पळाली, कोपऱ्यात एकावर एक चढली. मी लगेच शेगडी उचलली, दार सताड उघडलं. ती परत मध्ये आलीच नाहीत. शेगडी लांब ठेवून बघितली, तरी नाही. अक्का खाली बसून ओंजळीनं पिल्लं सोडवायची, आणि ती पुन्हा जाऊन ढिगावर चढायची. रडत नव्हती अक्का... नुसती सोडवत होती. दिवस मावळेपर्यंत सगळं गप्प झालं.

जनावरांचे डॉक्टर म्हणाले, घाबरली असतील. असतील. पण त्याआधी ऊब कशाची होती? त्यांच्याच अंगची म्हणावी, तर मग मधली जागा मोकळी का? माझा आकडा बरोबर होता आणि पिल्लं मेली.

आठ दिवसांनी अक्काचं सामान जीपमध्ये टाकताना मी म्हटलं, "चुकलं माझं अक्का. मला वाटलं, ती जागा रिकामीच हाय."

"रिकामी नव्हती," ती म्हणाली.

"कोण होतं?"

ती जीपमध्ये जाऊन बसली.

पुढं कितीदा विचारलं. दिराच्या घरची भांडी घासता घासता ती माझ्याकडं बघायची, आणि पुन्हा मान खाली घालून घासायला लागायची. त्याच घरात वारली. सांगितलं नाही.