एकांडा आणि घोड्याच्या बाई

डॉ. विमलताईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा दिसलाच नव्हता. अकोल्याला पशुवैद्यकाच्या पहिल्या वर्षाला होतो. आवारात एक घोडा उभा होता आणि त्याच्याशेजारी कोणीतरी जाड चादर पांघरून स्टुलावर बसलं होतं. सोनोग्राफीचा पडदा उन्हात दिसत नाही, म्हणून बाई स्वतःसकट यंत्रावर चादर ओढून घेत, हे मागाहून कळलं. चादरीतून आवाज आला, "कोण उभं आहे? नुसता पाहू नको, घोड्याच्या डोक्याशी जा." मी गेलो. बाईंच्या तपासणीत माझी जागा तेव्हापासून तीच आहे.

साऱ्या वऱ्हाडात त्यांना 'घोड्याच्या बाई' म्हणतात. पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात त्यांच्या विद्वत्तेबद्दल जाणकार लिहितीलच. मी आपलं साध्या भाषेत सांगतो. शिंगराची दोन्ही वृषणं जन्माच्या सुमारास पोटातून खाली उतरतात. एखाद्याचं एक उतरतच नाही. जांघेत अडतं, नाहीतर पोटातच राहतं. मग कोणीतरी दिसतं तेवढं काढतो आणि घोडा 'खस्सी', म्हणजे खच्ची केलेला, म्हणून विकून मोकळा होतो. आतलं मात्र आपलं काम करतच असतं. घोडी दिसली की हा बिथरतो, आणि दोष लागतो त्याच्या वळणाला. पूर्वी अशा घोड्याचं पोट अंदाजानं उघडत. कोणत्या बाजूला आहे, किती आत आहे, हे आधी सोनोग्राफीनं पाहायचं, हा हट्ट आमच्या भागात बाईंनी धरला.

एकच अंड खाली, म्हणून घोडेवाले अशा घोड्याला एकांडा म्हणतात. बाईंना हा शब्द फार आवडतो. "स्वतःचा घोडा घेऊन एकटाच चाकरीला येई तो एकांडा शिलेदार, अन् हाही एकांडाच," असं त्या वर्गात सांगत. बाईंनी लग्न केलं नाही. अकोल्याच्या घरात त्या एकट्या राहतात. आम्ही मुलं पाठीमागे त्यांनाही एकांडी म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं, पण त्या कधी रागावल्या नाहीत.

चांदूर रेल्वेच्या गुलाबरावांचा राजा हा असाच घोडा. गुलाबरावांचा फुलमळा आहे. लग्नाचे हार आणि वरातीचा घोडा एकाच घरचा. एका लग्नात समोरून दुसरी वरात आली, तिच्यात घोडी होती. राजा मागच्या दोन पायांवर उभा राहिला आणि नवरदेव फेट्यासकट नालीत. नवरदेवाला नुसता चिखल लागला, पण राजाचं नाव गेलं. त्याला कोणी वरातीला बोलवेना. गुलाबरावांनी त्याला व्यापाऱ्याच्या हवाली करायचं ठरवलं. असला घोडा तिथून पुढे कुठे जातो, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या पत्नी चंद्रकलाबाईंनी अन्न सोडलं, तेव्हा कुठे मला, मोर्शीच्या जनावरांच्या डॉक्टरला, फोन आला आणि मी बाईंना घेऊन गेलो.

"खस्सी केला तवा दोनी निंघाले होते का?" बाईंनी विचारलं.

"हो बाई, दोनी," गुलाबराव जमिनीकडे पाहत म्हणाले.

बाई चादरीत शिरल्या. दोन्ही जांघा पाहिल्या, मग मागून आत हात घालून पाहिलं. काही सापडेना. दोन्ही निघाली असतील तर आत काही असणारच नव्हतं. मग खोड स्वभावाचीच, आणि राजाचा निकाल लागल्यात जमा. गुलाबरावांची मात्र चुळबुळ चालली होती. शेवटी त्यांनी मला झेंडूच्या वाफ्यापलीकडे ओढलं.

"डाक्टर, खरं सांगू का? एकच निंघालं होतं. पन बाईमानसापुढं असं कसं बोलू मी?"

मी बाईंना सांगितलं. चादर बाजूला झाली. "काहून हो गुलाबराव? मी जलमभर हेच पाहून राहिली, अन् तुमी लाजून राहिले?"

"यांची लाज घोड्याच्या जिवावर उठली असती, बाई!" चंद्रकलाबाई तोंडाला पदर लावून हसल्या आणि लगेच रडल्याही.

बाई पुन्हा चादरीत गेल्या. या खेपेला फार वेळ लागला. "राहू द्या बाई, नसन," गुलाबराव म्हणाले. आतून उत्तर आलं, "दिसलं नाही म्हंजे नाही, असं नसते."

मग त्यांनी मला हाक मारली. राजाचं डोकं चंद्रकलाबाईंनी धरलं आणि मी पहिल्यांदाच चादरीखाली गेलो. डाव्या बाजूला, मूत्राशयाच्या जवळ, लिंबाएवढं काहीतरी करडं दिसत होतं. "पाह्य बिचारं," बाई हळूच म्हणाल्या. "सारे म्हणतात नाही, नाही. अन् हे इथं एकटंच बसून आहे." पडद्याच्या उजेडात त्यांचा चेहरा दिसत होता. मला त्यांची फार माया आली. घरी गेल्यावर यांच्याशी कोण बोलत असेल, असं मनात आलं.

अकोल्यात त्याच बाजूनं शस्त्रक्रिया झाली. राजा हळूहळू निवळला आणि आज पुन्हा वरातीला जातो.

मागच्या वर्षी माझी पत्नी गेली. तेरवीपर्यंत माझं मोर्शीचं घर भरलेलं होतं, मग एकदम रिकामं झालं. बाई एसटीनं आल्या. ओसरीवर बसून संत्री सोलून मला देत राहिल्या. निघताना म्हणाल्या, "रविवारी फोन करत जाईन. बोललंच पाहिजे असं नाही. उचलत जा." त्या दर रविवारी करतात. कधी दोघांनाही बोलायला काही नसतं. मग मी त्यांच्या घरातला पंखा ऐकतो आणि त्या माझ्या घरातला.

पंचाहत्तरीच्या सत्काराला बाईंना राजावर बसवून मिरवत आणायचं, असं गुलाबरावांच्या मनात आहे. विचारायची पुन्हा लाज. तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. परवाच्या रविवारी मी विचारलं.

"तो आता एकांडा राह्यला नाही रे," बाई म्हणाल्या. "एकांडी मीच उरली. बसत नाही मी त्याच्यावर. बाजूनं चालते, म्हणावं."

बाई, आपण शंभरी गाठावी असं या ग्रंथात सगळेच म्हणतील, मीही म्हणतो. आपले पाय धड राहोत, नजर चादरीखाली अशीच तेज राहो आणि रविवारचा फोन कधी चुकू नये. मिरवणुकीत राजाच्या एका बाजूनं आपण चालाल. दुसऱ्या बाजूला, त्याच्या डोक्याशी, मी आहे.